फोटोखालचा नकाशा

माझा नवरा जहाजावर नोकरी करतो. मागच्या सुट्टीत येताना त्याने माझ्यासाठी महागातला फोन आणला. मी हरखून गेले, आणि पहिल्याच आठवड्यात त्या फोनने मला तोंडावर पाडलं.

आमच्या वाडीतल्या एका बागायतदाराने काजूच्या बोंडांचे आणि हापूसच्या कलमांचे फोटो काढून मागितले होते. त्याला गिऱ्हाइकांसाठी पत्रक छापायचं होतं. मी हौसेने सकाळच्या उन्हात त्याच्या बागेत हिंडून फोटो काढले, पेन ड्राइव्हवर भरून दिले. दुसऱ्या दिवशी तो परत आला. देवगडच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकही फोटो उघडला नव्हता. दुकानदार म्हणाला होता, की फोटो खराब झालेत. फोटो खराब नव्हते. माझ्या फोनवर तर पानावरची मुंगीसुद्धा दिसत होती. मग मी बसून शोधलं, आणि कळलं की नवे फोन फोटो साठवतात ते वेगळ्या पद्धतीने. नावाच्या शेवटी जेपीजी असायचं तिथे आता एचईआयसी असं लिहिलेलं असतं. त्याने जागा निम्मीच लागते आणि चित्र तितकंच चांगलं राहतं, पण जुन्या कॉम्प्युटरला ती भाषा वाचता येत नाही. मी सगळे फोटो जेपीजी करून दिले आणि पत्रक छापून झालं.

तेवढ्यावरून वाडीत माझं नाव झालं. कोणाच्या लेकीचे साखरपुड्याचे फोटो उघडेनात, कोणाचा फोन भरून गेला, की लोक माझ्याकडे येऊ लागले. मीही शिकत गेले. फोटो म्हणजे नुसतं चित्र नसतं. चित्राबरोबर त्याच फाइलमध्ये तारीख असते, वेळ असते, फोनचं नाव असतं, आणि जिथे उभं राहून फोटो काढला ती जागा असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की तो चेपून लहान होतो आणि ही आतली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, की फोटो आहे तसा जातो, माहितीसकट. हे मी लोकांना समजावून सांगायची. सांगताना मला बरं वाटायचं. बारावीनंतर लग्न झालेली मी, मला कोणी काही विचारायला येईल असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आमच्या घराला लागून काकींचं घर आहे. काकी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांची बायको. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात, मुलगे मुंबईला. माझं माहेर वालावलचं. तिथे खाडी आहे, पण आम्ही भातशेती करणारी माणसं, खाऱ्या पाण्यात पाय घालायची सवय नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा मासे साफ करायला मला काकींनीच शिकवलं. सासूबाईंचा जीव फार नव्हता माझ्यावर तेव्हा. काकी मात्र मागच्या दाराने यायच्या, माझ्या हातातली सुरी काढून घ्यायच्या आणि न बोलता दाखवायच्या.

अमावास्या-पौर्णिमेला समुद्र खूप आत जातो तेव्हा काकी टोपली, लोखंडाची टोकदार सळई आणि काकांचे जुने कॅनव्हासचे बूट घेऊन कालवं काढायला जायच्या. कालवं खडकाला चिकटलेली असतात. वरची शिंपली सळईने उचकटून आतला गर काढायचा, खालची शिंपली खडकावर तशीच ठेवायची, म्हणजे तिच्यावर नवी कालवं धरतात. आणलेली कालवं त्या वाडीतच वाटे करून विकायच्या. कुठून आणतात ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याबरोबर आणखी दोघीजणी असायच्या, एक आमच्याच वाडीतली वयस्कर बाई आणि दुसरी खालच्या वाडीतली, जिचा मुलगा पर्यटकांची रिक्षा चालवतो. तिघी वेगवेगळ्या निघायच्या आणि पुढे कुठेतरी एकत्र व्हायच्या.

पौषातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी काकी म्हणाल्या, येतेस का उद्या. आजवर त्यांनी कोणालाच विचारलं नव्हतं, स्वतःच्या सुनांनासुद्धा नाही. मी गेले.

डोंगराच्या पायथ्याने, करवंदीच्या जाळ्यांतून उतरणारी एक वाट आहे. खाली गेल्यावर वाट संपते आणि भरतीच्या वेळी तिथे नुसतं पाणी असतं. त्या दिवशी पाणी मागे हटलेलं होतं, आणि काळं लांबलचक खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, उघडं पडलं होतं. त्यावर कालवं इतकी होती, की पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. त्या तिघी वाकून कामाला लागल्या. हात कुठे मारायचा ते त्यांना ठाऊक होतं. लहान कालवांना त्या हात लावत नव्हत्या. मला काही ते जमेना, दोनदा बोट कापून घेतलं, मग मी खडकावर बसून फोन बाहेर काढला. काकींचा वाकलेला पाठमोरा आकार, सळई धरलेला हात, ओल्या टोपलीत पडलेला करडा गर. एका फोटोत काकी मान वळवून माझ्याकडे बघतायत. तो फोटो काढताना त्या बोलत होत्या. त्या काय बोलत होत्या ते तेव्हाच मनात पक्कं बसलं होतं.

"ह्यां खडप आमका तिघींकच म्हायत आसा. कोणाक सांगा नको गो."

"सांगूचंय नाय, काकी," मी म्हटलं.

आणि मी खरंच कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

वेंगुर्ल्याला माझी एक कॉलेजमधली मैत्रीण आहे. ती घरी बसून पत्रकं, बोर्ड, लग्नपत्रिका असलं काम कॉम्प्युटरवर करून देते. मी काकींचा तो मान वळवलेला फोटो स्टेटसला ठेवला होता. तिने तो पाहिला आणि लगेच फोन केला. आमच्या बाजूचा एक होडीवाला पर्यटकांसाठी मोठं पत्रक करून घेत होता, त्यात कोकणातल्या खऱ्या माणसांचे फोटो हवे होते, बाजारचे नकोत. माझे फोटो तिला फार आवडले होते. पण स्टेटसवरचा फोटो छापायच्या कामाचा नव्हता, मोठा केला की फुटत होता. तिला मूळ फोटो हवे होते.

काकींना विचारावं असं माझ्या मनात आलंच नाही. छापून आल्यावर पत्रक दाखवीन, त्या खूश होतील, एवढंच वाटलं. मी मूळ फाइली पाठवल्या. तिच्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या नाहीत, तसं तिने कळवलं आणि मी जरा ऐटीतच उत्तर दिलं, की थांब, जेपीजी करून देते, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवते, म्हणजे चेपणार नाहीत. पाठवताना फोनने वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दाखवलं होतं, की फोटोबरोबर जागा जाते आहे. त्यावर बोट ठेवलं असतं तर ती बंद करता आली असती. मला ते माहीत होतं. मी लोकांना ते दाखवत असे. त्या दिवशी मी ते वाचलं आणि पुढे गेले. मैत्रिणीलाच तर पाठवतेय, असं वाटलं. त्यापलीकडे विचार केला नाही.

शिमग्याच्या आधीच्या पौर्णिमेला काकी सकाळी गेल्या आणि लवकरच परत आल्या. टोपली रिकामी होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"थंय माणसां आसत," त्या म्हणाल्या. "होडयेन इली हत."

मी विचारलं कसली माणसं. हळूहळू त्यांनी सांगितलं. रंगीत टोप्या घातलेले बायका-पुरुष, पोरंबाळं, हातात हातोड्या. होडीवाला त्यांना कालवं कशी फोडायची ते दाखवत होता. लिंबू, तिखट, मीठ घेऊन आला होता. ती माणसं सगळीच कालवं फोडत होती, लहानमोठी बघत नव्हती, आणि खालच्या शिंपलीसकट खडक सोलत होती. काकी आणि त्या दोघी जरा वेळ बाजूला उभ्या राहिल्या. मग एका पोराने त्यांना विचारलं, आजी, तुम्ही पण टूरमध्ये आहात का. त्या परत फिरल्या.

काकींचा संशय सरळ त्या खालच्या वाडीतल्या बाईवर गेला. तिचा मुलगा दिवसभर पर्यटकांबरोबर असतो, त्याला आईने सांगितलं असणार, त्याने होडीवाल्याला सांगितलं असणार. मलाही तेच वाटलं. मी तसं बोललेसुद्धा. काकी त्या बाईशी बोलायच्या बंद झाल्या. देवळात समोरासमोर आल्या तर तोंड फिरवायच्या. ती बाई एकदा आमच्या घरी आली, माझ्या देखत शपथा घेऊन सांगून गेली, की मी पोराला एक अक्षर सांगितलेलं नाही. ती गेल्यावर मी काकींना म्हटलं, शपथ घेणं सोपं असतं.

हे वाक्य मला अजून आठवतं. आठवलं की हातातलं काम थांबतं.

पत्रक छापून आल्यावर मैत्रिणीने मला एक पाठवलं. मधल्या पानावर काकी होत्या, मान वळवलेल्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने कालवं काढा. मागच्या बाजूला होडीवाल्याच्या सफरींची माहिती होती. मला तेव्हाही लगेच उमगलं नाही. मैत्रिणीला फोन करून विचारलं, की ह्या होडीवाल्याला हे खडप कुठलं ते कोणी सांगितलं.

ती हसली. "अगो, त्या फोटोतच होता. फोटो उघडलो की खाली नकाशो येता. मिया तेका फोटो दिलंय, त्याने बोट ठेवल्यान आणि गेलो थंय."

तिची काही चूक नव्हती. तिने मागितले ते फोटो होते, आणि तिने ते त्याला दिले, कारण काम त्याचंच होतं. मी फोन ठेवला आणि माझ्या फोनमधला तो फोटो उघडला. वर सरकवला. खाली नकाशा आला. डोंगर, खाडीचं तोंड, आणि पाण्याच्या कडेला एक टिंब. टिंबाजवळ कसलंही नाव नव्हतं, कारण त्या जागेला नाव असं नाहीच. मग माझं बोट फोटोवर दाबलं गेलं आणि फोटो हलला. हा फोन फोटो काढताना आधीचे-नंतरचे दोन-तीन सेकंद आवाजासकट टिपून ठेवतो, हे मी विसरूनच गेले होते. काकींची मान वळली, लाटेचा आवाज आला, "सांगा नको गो" आलं, आणि त्यामागून माझा स्वतःचा आवाज, "सांगूचंय नाय, काकी." मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जेपीजी करताना हा आवाज गळून पडला होता. जागा मात्र तशीच फाइलीत राहिली होती. वेंगुर्ल्याला जागा पोचली, आमचं बोलणं इथेच राहिलं.

काकींना मी लगेच सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्यांना बरं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग शिमगा आला. मधल्या काळात मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं, तिने होडीवाल्याचा नंबर दिला. मी त्याला फोन करून विनंती केली, की त्या खडपावर माणसं नेऊ नका, गावातल्या बायकांचं पोट आहे त्यावर. तो उद्धट नव्हता. बाहेरच्यांशी बोलतात तसं साफ मराठीत म्हणाला, "मॅडम, समुद्र काय कोणाच्या नावावर आहे का? आणि फोटो तर तुमचेच आहेत ना."

पुढच्या मोठ्या ओहोटीला मी एकटीच त्या वाटेने उतरले. खडपावर माणसं होती. काळ्या खडकावर जागोजागी पांढरे डाग दिसत होते, फोडलेल्या शिंपल्यांचे. एक प्लास्टिकची बाटली फटीत अडकून वाजत होती. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन, त्यांना समजावीन. एवढ्यात एक बाई हसत पुढे आली आणि माझ्या हातात तिचा फोन देत म्हणाली, ताई, आमच्या सगळ्यांचा एक फोटो काढाल का. मी फोन घेतला. ते ओळीत उभे राहिले. मी फोटो काढला, मग आणखी एक, कारण एका मुलाने डोळे मिटले होते. फोन परत देताना माझ्या लक्षात आलं, की ह्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हे खडप आता आहे, टिंबासकट, आणि ते सगळे आज संध्याकाळी ते फोटो आपापल्या माणसांना पाठवणार आहेत. माझ्या फोनमधून मी काही पुसलं तरी त्याने काहीच होणार नव्हतं.

घरी आले आणि तशीच काकींकडे गेले. त्या पडवीत केरसुणीसाठी नारळाच्या झावळांचे हीर काढत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. फाइल म्हणजे काय, त्यात जागा कशी असते, हेही सांगू लागले. बोलताना मला जाणवलं, की मी तेच तेच समजावतेय आणि त्यात माझा दोष बारीक होत चाललाय. काकींनी हात थांबवला नव्हता.

"तू कोणाक सांगलंस?" त्यांनी विचारलं.

"नाय, काकी. माझ्या फोटोवरसून कळला तेंका."

"आणि फोटो कोणी दिल्यान?"

"मिया दिलंय."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग विचारलं, "माजा तोंड खंय खंय लावल्यानी?" त्यांनी पत्रक पाहिलं नव्हतं, पण वाडीतल्या कोणीतरी सांगितलं होतं. मी पत्रकाबद्दल सांगितलं. होडीवर आणि हॉटेलांत वाटलंय, असं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही मला कळलं नाही. त्या उठल्या, चपला घातल्या, आणि खालच्या वाडीची वाट धरली. त्या बाईच्या घरी त्या गेल्या हे मला नंतर कळलं. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनी कोणालाच सांगितलं नाही. त्यानंतर त्या दोघी पुन्हा देवळात शेजारी बसू लागल्या. ती बाई माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात भेटली तर मीच खाली बघते. मी तिच्याकडे अजून गेलेली नाही. जायला हवं होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

उन्हाळाभर होडी येत राहिली. मग कोणाचा तरी पाय शिंपल्यांनी चांगलाच कापला, आणि होडीवाल्याने ती सफर बंद केली असं ऐकलं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या. तोवर खडप उघडं-बोडकं झालं होतं. कालवं पुन्हा धरायला किती वर्षं लागतील, हे मी काकींना विचारू शकले नाही.

माझ्याकडे लोक अजून येतात. आंब्याच्या पेट्यांचे फोटो, नव्या घराचे, नातवंडांचे. मी फाइली बदलून देते. पाठवण्याआधी जागा काढून टाकते, प्रत्येक वेळी, न विचारता. एकदा एका मुलीने विचारलं, एवढं कशाला करता. मी म्हटलं, बरं असतं. तिला खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

काकी माझ्याशी बोलतात. मासे आले की हाक मारतात, नवऱ्याचा फोन आला की चौकशी करतात. काही कमी झालंय असं बाहेरून कोणाला दिसणार नाही. पण गणपतीनंतरच्या अमावास्येपासून त्या पुन्हा टोपली घेऊन निघू लागल्या आहेत. कुठेतरी दुसरी जागा त्या तिघींना सापडली असावी. त्यांच्या दारातून दोन वाटा फुटतात, एक डोंगराकडे आणि एक खाडीकडे. आमच्या पडवीतून दोन्ही दिसतात. काकी बूट घालताना दिसल्या, की मी हातातलं काम ठेवून मागच्या दाराला जाते, विहिरीशी उभी राहते, आणि त्या वळणापलीकडे गेल्या असतील असं वाटलं की मगच पुढे येते. परवा त्यांनी मला तसं जाताना पाहिलं. त्या जरा थांबल्या, मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी टोपली काखेत नीट घेतली आणि मी पूर्ण आत जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.